चार दिवसांचं शिबिर

अंबरपेठेतल्या एका चर्चच्या छोट्या दवाखान्यात उषा सिस्टर सात वर्षं नर्स म्हणून नोकरीला होती. तिथले पेशंट तिला नावानिशी ठाऊक. भाजी विकणाऱ्या गंगूला बीपीची गोळी रोज घ्यायची सवय लावायला तिला आठ महिने लागले होते. कधी रागावून, कधी तिच्या टोपलीपाशी जाऊन, गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहून.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत अमेरिकेहून चौदा जणांची टीम आली. दरवर्षी यायची. चार दिवस शिबिर, मग गोवळकोंडा पाहून परत. उषाला नावं लिहायला बसवलं होतं. त्यामुळे डॉक्टर मार्थानं गंगूची जुनी गोळी बंद करून तीन महिने पुरेल अशी परदेशी गोळ्यांची चकचकीत बाटली दिली, हे तिला संध्याकाळी कळलं. तोवर टीमचं सामान बसमध्ये चढलं होतं.

एप्रिलमध्ये बाटली संपली. उषानं पुन्हा जुनी गोळी पुढे केली, तर गंगूनं हात मागे घेतला. तेव्हा बेगम बाजारात साबणसुद्धा परदेशी मिळू लागला होता आणि लोकांचा त्यावरच जीव. गंगू म्हणाली, "ही नक्को सिस्टरबाई. तीच पाहिजे. जानेवारीत येतीलच की ते लोक."

उषानं समजावलं, भांडली, घरी जाऊन तिच्या सुनेला सांगितलं. व्यर्थ. जुलैत गंगू भर बाजारात कोसळली. जीव वाचला, पण उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं.

उषा चर्चचे सेक्रेटरी अविनाश सर यांच्याकडे गेली. ते अमेरिकेला अहवाल लिहीत होते. चौदाशे पेशंट तपासले, असं त्यात होतं. गंगूचं लिहा, असं ती म्हणाली. एका बाईसाठी एवढ्या चांगल्या माणसांचं मन का मोडायचं, असं म्हणत त्यांनी तिला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या जानेवारीत टीम उतरली, तेव्हा कुणाला न विचारता उषा मार्थाला गंगूच्या खोलीवर घेऊन गेली. गंगूनं तिला ओळखलं. डाव्या हातानं तिचा हात धरून अडखळत विचारलं, "बाटली आणली?"

त्याचा अर्थ उषानं सांगितला आणि मग सगळंच सांगितलं. मार्था खाटेच्या कडेला बसून राहिली. परतताना रस्त्यात तिनं विचारलं, "मी काय करू?"

"तपासा, कार्डावर लिहा आणि माझ्याकडे पाठवा," उषा म्हणाली. "रोजची गोळी तुम्ही देऊ नका. ती बाराही महिने देणारी मी आहे."

मार्थानं ऐकलं. टीमच्या म्होरक्याला मात्र पटलं नाही. लोकांनी देणग्या दिल्या, त्या औषधांच्या पेट्या परत कशा न्यायच्या, असं त्याचं म्हणणं. अविनाश सरांनी मान डोलावली. त्यामुळे शिबिरात मार्थाचं एकटीचं टेबल बिनगोळ्यांचं राहिलं.

तासाभरात बातमी फिरली. मार्थासमोरची रांग उठली आणि शेजारच्या टेबलाला जाऊन लागली. उषा रांगेत शिरून एकेकाला सांगत सुटली, दंड धरून वळवू लागली. एक म्हातारा तिच्यावर खेकसला, की फुकट मिळतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?

दुपारपर्यंत मार्थाकडे सहा जण आले. उषानं त्या सहांचे पत्ते उतरवून घेतले. शेजारच्या टेबलावर तोवर दुसरी पेटी फोडली होती.