कुवेतमधली दुसरी मुलगी

ओणमचं जेवण झालं, केळीची पानं उचलून बाहेर टाकली, तोवर सगळे टीव्हीपुढे जाऊन बसलेही. कोट्टयमजवळच्या त्या घरात सगळी माणसं अशी वर्षातून एकदाच जमायची, आणि या वर्षी तर निमित्तही तसंच होतं. घरची मुलगी शेरिन कोशी सिनेमातली नटी. तिची मुलाखत ओणमच्या खास कार्यक्रमात लागणार होती, आणि ती स्वतः सहा महिन्यांच्या ईवाला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती.

तिची आई सोसाम्मा स्वयंपाकघरातून पायसमच्या वाट्या आणत होती. पहिली वाटी तिने नेहमीप्रमाणे राहेलाम्माच्या हातात दिली. राहेलाम्मा ही सोसाम्माच्या दिवंगत नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून तिची चेची, म्हणजे ताई. लग्न केलं नव्हतं. सोसाम्मा कुवेतला बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती तेव्हा शेरिनला हिनेच वाढवलं. "मी जन्म दिला, आई चेची झाली," असं सोसाम्मा चारचौघांत सांगायची.

"लागलं, लागलं!" धाकटा दीर थंपी ओरडला.

पडद्यावर शेरिन आली. निळी साडी, केसात मोगरा. थंपीची बायको लीलाम्मा पुढे सरकली. "साडी छान आहे हो. बाळंतपणानंतर अंगही लगेच उतरवलंस."

शेरिन ईवाला थोपटत म्हणाली, "पुढे काही नाहीये त्यात. बंद करा ना टीव्ही, गप्पा मारू."

"वा गं वा! घरच्या मुलीची मुलाखत आणि बंद करा म्हणे." थंपीने रिमोट उचलून मांडीखाली घातला.

पडद्यावरच्या निवेदकाने हसत हसत तो फोटो दाखवला. महिन्यापूर्वी कुणीतरी शेरिनचा सेटवर चहा पितानाचा फोटो काढून खाली लिहिलं होतं, 'बाळ पाळण्यात, आई मेकअपमध्ये.' त्यावर लोकांनी तिला नाही नाही ते ऐकवलं होतं.

"लोक विचारतात," निवेदक म्हणाला, "इतक्या लहान बाळाला टाकून कामावर यायला मन कसं धजावतं?"

"गेल्या आठवड्यात याच खुर्चीत माझ्या सिनेमाचा नायक बसला होता," पडद्यावरची शेरिन म्हणाली. "त्याला चार महिन्यांची जुळी आहेत. त्याला तुम्ही काय विचारलंत? व्यायाम किती वेळ करता!"

थंपी खो खो हसला. सोसाम्मालाही हसू आलं. पोरीने बरी जिरवली.

"पण तुमची स्वतःची आईसुद्धा तुम्हाला सोडून परदेशी होती," निवेदक म्हणाला. "त्याचा त्रास नाही झाला?"

"झाला. पण आई गेली म्हणून जेवढा झाला, त्याहून जास्त मला जे सांगितलं गेलं त्याचा झाला." पडद्यावरची शेरिन क्षणभर थांबली. "मी आईसाठी रडायला लागले की घरातलंच एक माणूस मला सांगायचं, रडू नकोस, तुझी आई येणार नाही, तिला तिथे दुसरी मुलगी आहे. गोरी आहे, शहाणी आहे, तुझ्यासारखी रडत नाही. मी नऊ वर्षांची होईपर्यंत ते खरं मानत होते. आई सुट्टीवर आली की मला वाटायचं, ही त्या मुलीला झोपवून आली आहे."

थंपीने मांडीखालचा रिमोट काढून टीव्ही बंद केला.

सोसाम्माच्या हातातली वाटी कलंडली आणि गरम पायसम पायावर सांडलं, तरी तिला ते कळलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर एक पिवळा फ्रॉक उभा राहिला. दुसऱ्या सुट्टीत तिने आणलेला, गळ्याला मणी लावलेला. शेरिनने तो घडीसकट विहिरीजवळच्या चिखलात भिरकावला होता आणि किंचाळली होती, "तिलाच दे!" कुणाला गं, कुणाला देऊ, असं सोसाम्मा विचारत राहिली. तेव्हा राहेलाम्मा फ्रॉक उचलता उचलता म्हणाली होती, "सोड गं. पोरं काय, तोंडाला येईल ते बोलतात."

म्हणजे चेचीला तेव्हा ठाऊक होतं! समोर उभी राहून, चिखल झटकत, ती हे बोलली होती.

सोसाम्माने मान वळवली. राहेलाम्मा वाटी मांडीवर धरून तशीच बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा.

"चेची?" सोसाम्मा म्हणाली. "शेरिन म्हणते ते कुणाबद्दल?"

"माझ्याबद्दल," राहेलाम्मा म्हणाली.

शेरिन उठून आत्याजवळ गेली. "अम्मायी, ते लोक तो भाग कापणार होते. मी त्यांना सांगितलं होतं..."

"बस खाली. खरंच आहे ते." राहेलाम्मा सोसाम्माकडे न बघता बोलत राहिली. "तू गेलीस आणि ही उलटी होईस्तोवर रडायची. चर्चचे अच्चन म्हणाले प्रार्थना कर, डॉक्टर म्हणाले पोटात वायू आहे. एके दिवशी वैतागून माझ्या तोंडून ते गेलं. आणि ही गप्प झाली. अशी गप्प झाली, की मीच घाबरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडली, मी पुन्हा म्हटलं. रुसलेलं पोर झोपतं गं. वाट बघणारं झोपत नाही."

"आणि मग इतकी वर्षं?"

"एकदा सांगितल्यावर खोटं होतं म्हणून कसं सांगायचं, ते मला जमलं नाही."

लीलाम्माने मोठा सुस्कारा टाकला. "जाऊ दे आता. मूळ बघायला गेलं तर काय, आई घरात असती तर यातलं काहीच झालं नसतं."

"तू गप्प बस!" राहेलाम्मा अशी कडाडली, की ईवा दचकून रडायला लागली. "तिने जायला नको होतं असं मी कधी म्हटलेलं नाही. तिला विमानतळावर सोडायला मी गेले होते. पाप माझं आहे, तिच्या नोकरीच्या नावावर घालू नकोस."

ती उठली, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेली.

सोसाम्मा लेकीकडे वळली. "मला का नाही सांगितलंस? सगळ्या मुलुखाला सांगितलंस, आणि मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू स्वतःलाच दोष दिला असतास, अम्मची. अम्मायीचे पाय धरून रडली असतीस. तिथे मला मध्येच कुणी थांबवलं नाही, म्हणून बोलून गेले." शेरिन रडत होती. "त्या माणसाने विचारलं आणि माझ्या डोक्यात एकच आलं. आता ईवाला कुणी असं काही सांगत असेल तर?"

सोसाम्मा खाली बसून फरशीवरचं पायसम पुसू लागली.

संध्याकाळपर्यंत मुलाखत जिकडे तिकडे झाली. शेरिनला काल शिव्या घालणारेच आज तिला धीट म्हणू लागले. पण त्या लोकांना शिव्या घालायला कुणीतरी हवंच होतं. कुणी शोधून काढलं देव जाणे, ईवाच्या बाप्तिस्म्याच्या फोटोतून राहेलाम्माचा चेहरा कापून त्यांनी तो सगळीकडे पाठवला. खाली लिहिलं, 'हीच ती चेटकीण. वांझेला काय कळणार आईची माया.' शेरिनने हात जोडून सांगितलं, माझ्या अम्मायीला काही बोलू नका, तिने मला वाढवलंय. ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. ती हातात फोन घेऊन सुन्न बसून राही. "मी बायकांसाठी बोलायला गेले होते गं," एवढंच म्हणे.

सोसाम्मा त्या दिवसांत राहेलाम्माशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढून खोलीच्या दाराशी ठेवायची आणि निघून यायची. जन्मभर इतरांच्या बाळांना न्हाऊ-माखू घातलं, आणि आपलं पोर इथे एका नसलेल्या मुलीवर जळत होतं. हा विचार मनात आला की तिला कढईतलं तेल तापलेलं कळायचं नाही.

रविवारी ती चर्चला जायला तयार झाली. राहेलाम्मा खाटेवर बसून होती, रोजच्याच मुंडूत.

"कपडे बदला," सोसाम्मा दारातून म्हणाली.

"मी नाही येत. लोक बघतील."

"मी सुट्टीवर यायचे तेव्हा मलाही बघायचे. पोराला टाकून गेलेली म्हणून. मेले नाही मी. उठा."

राहेलाम्माने वर पाहिलं. "मला माफ केलंस का गं?"

"नाही," सोसाम्मा म्हणाली. "छत्री घ्या, आभाळ भरलंय."

बायकांच्या बाजूला लीलाम्माने त्या दोघींना येताना पाहिलं आणि ती पुढच्या बाकावर सरकली. सोसाम्मा राहेलाम्माच्या शेजारी बसली. प्रार्थना संपल्यावर एक ओळखीची बाई जवळ येऊन सोसाम्माचा हात दाबत म्हणाली, "तुझं मन मोठं, म्हणून हिला घेऊन आलीस."

"मी कशाला आणू? घरातलं माणूस आहे, आलं," सोसाम्मा म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.

रबराच्या बागेमधल्या वाटेने दोघी परत निघाल्या. सोसाम्मा म्हणाली, "मी नव्हते तेव्हाचं मला सांगा. सगळं. इतकी वर्षं तुम्ही मला फक्त बरं बरं तेवढंच सांगत आलात."

राहेलाम्मा चालता चालता थांबली. "ऐकवेल तुला?"

"सांगा."

"पहिला दात पडला तेव्हा तिने तो कापसात गुंडाळला होता. म्हणाली, अम्मचीला पाठव, त्या मुलीला पण दात पडतो का विचार." राहेलाम्माने छत्री उघडली. "मी तो पाठवला नाही. विहिरीत टाकला."

सोसाम्मा वाटेच्या मधोमध उभी राहिली. छत्रीवर टपटप थेंब पडू लागले होते. शेजारून कुणाची तरी स्कूटर गेली. मागे बसलेली बाई मान वळवून दोघींकडे बघत राहिली.

"पुढे?" सोसाम्मा म्हणाली.