तिसरा फटका

जुनी शर्यतीची नौका गोदीत लाकडी टेकूंवर उभी होती. रंग खरवडून सुतारांनी तिचं मूळ लाकूड उघडं पाडलं होतं. नवी मालकीण दातांची डॉक्टर. नौकेवर पूर्वी काम केलेल्या दोघांना तिने मुद्दाम बोलावलं होतं. एक होता शिंपी, शिडं शिवायचा म्हणून त्याला ते नाव पडलेलं. दुसरा त्याचा मेहुणा, बहिणीचा नवरा, कुबडीवर चालणारा.

पालथ्या पिंपांवर बसून दोघे एकेका मालकाची उणीदुणी काढत होते. पहिला वकील, बायकोपेक्षा नौकेला जास्त कुरवाळायचा. दुसरा त्याचा जावई, त्याला धक्क्याला बांधलेल्या नौकेतही ओकारी यायची. तिसरा कंत्राटदार. त्याचं नाव निघालं आणि हसू आटलं. त्याने शर्यती जिंकल्या खऱ्या, पण हाताखालच्या माणसांना दोरखंडाने फोडून काढून.

मग शिंप्याने डॉक्टरीणबाईंना शेवटच्या शर्यतीचं सांगितलं. वारा पिसाळला होता, पुढचं शीड अडकलं होतं. कंत्राटदाराने मेहुण्याला लाथ घालून पुढे पिटाळलं आणि पुढच्याच लाटेने त्याला उचलून नेलं. नौका मागे फिरवा, म्हणून शिंपी ओरडला. आपण पहिले आहोत, शर्यत संपल्यावर बघू, असं कंत्राटदार म्हणाला. शिंपी पुन्हा बोलला, तेव्हा दोराची गाठ त्याच्या तोंडावर बसली. दोन दात रक्तासकट डेकवर पडले.

शिंप्याने दोर ओढायच्या यंत्राचा लोखंडी दांडा उपसला. पहिला फटका तोंडावर. कंत्राटदाराचा डोळा फुटला, तरी तो सुकाणूचं चक्र सोडेना. दुसऱ्या फटक्यात त्याची बोटं मोडली. तो खाली कोसळला. त्यानंतर शिंप्याने तिसरा मारला, बरगड्यांवर.

नौका फिरली. मेहुणा सापडला, पण लाटेने नौका त्याच्यावरच आदळली आणि त्याच्या पायाचा चुरा झाला. पाय कापावा लागला. शिंपी तुरुंगात गेला. बहीण भेटायला आली, तेव्हा गजांपलीकडून एवढंच म्हणाली, "अर्धा आणलास, पण आणलास."

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. नौका पुन्हा पाण्यात उतरणार, ही बातमी कंत्राटदारालाही लागली होती. म्हातारा, एका डोळ्याचा, हातात जाड काठी. त्याने नौकेच्या अंगावर तळवा ठेवला, वळला आणि शिंप्याला ओळखलं. त्याने काठी शिंप्याच्या कानशिलात हाणली.

दोघे म्हातारे रंगाच्या पापुद्र्यांत लोळले. शिंप्याने त्याचा गळा धरला, त्याने शिंप्याचं मनगट चावलं. मेहुण्याची कुबडी कंत्राटदाराच्या पाठीत बसली आणि तोल जाऊन मेहुणाही त्यांच्यावर पडला. सुतारांनी तिघांना ओढून वेगळं केलं.

कंत्राटदाराच्या ओठातून रक्त गळत होतं. "दोन फटके मला कळतात," तो धापा टाकत म्हणाला. "तिसरा का मारलास? मी पडलो होतो."

शिंप्याने विचार केला.

"बरं वाटत होतं म्हणून."

मेहुण्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. कंत्राटदार मात्र हळूहळू मान हलवत राहिला. "मलाही वाटायचं," तो म्हणाला.

तो काठी टेकत गाडीकडे गेला. दार उघडता उघडता वळून त्याने डॉक्टरीणबाईंना बजावलं, की वारा वाढला की ही डावीकडे ओढते, चक्र दोन्ही हातांनी धरा.

डॉक्टरीणबाईंनी शिंप्याचा जबडा चाचपला, हाड शाबूत होतं. नौका उतरवाल त्या दिवशी याल का, असं त्यांनी दोघांना विचारलं. मेहुणा म्हणाला, काठावर उभा राहीन. शिंप्याने चावलेलं मनगट चोळलं. मग म्हणाला, येईन, पण मला चक्रापाशी उभं करू नका.