टण्ण न वाजणारा क्रँकशाफ्ट

मित्रांनो, मी जुना आहे, त्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, आणि हे सांगताना मान खाली घालायचं मला काहीच कारण दिसत नाही. छत्रीबागेतल्या मोहनरावांच्या शाळेच्या व्हॅनमधला मी क्रँकशाफ्ट. इंजिनातले दट्टे वर-खाली नाचतात, आणि त्या नाचामुळे मी गोल फिरतो, तेव्हा कुठे चाकं हलतात. मला कुणी बघत नाही, पण मी नसलो तर व्हॅन म्हणजे नुसती पत्र्याची खोली.

माझा जन्म वाळूच्या साच्यात, वितळलेलं बीड ओतून झाला. ट्रकमधले माझे पोलादी भाऊ तापवून, घणाखाली ठोकून घडवलेले. ते जबर ओझं सोसतात, जास्तच झालं तर आधी वाकतात. मला वाकणं जमत नाही, मी मोडतो. पण व्हॅनभर मुलं आणि त्यांची दप्तरं यांना मी पुरून उरतो, शिवाय इंजिनाची थरथर बरीचशी पोटात घालतो. ज्याचं काम त्यानं करावं.

मोहनराव रोज सकाळी तेलाची कांडी काढून बघत. शेजारी चिडवत, "भिया, गाडी आहे का पेशंट?"

पुष्कळ वर्षं धावल्यावर यंदाच्या सुट्टीत इंजिन खडखडू लागलं आणि मी बंटी मेकॅनिककडे आलो. त्याची एक रीत आहे. शाफ्ट साखळीला टांगायचा आणि हातोडी मारून कान द्यायचा. माझ्याआधी ट्रकचा पोलादी शाफ्ट टांगला होता. तो देवळातल्या घंटेसारखा टण्ण वाजला. मी वाजलो, ठक्क.

"मोहनजी, ये तो गया. कहीं से चटका है," बंटी म्हणाला, म्हणजे मला कुठंतरी चीर गेली आहे. "नया मँगवाओ, टाइम लगेगा."

मोहनराव बोटांवर दिवस मोजू लागले. सोमवारी शाळा उघडणार होती. व्हॅन नसली तर गल्लीतली मुलं दुसऱ्या व्हॅनने जाणार, आणि एकदा गेलेली मुलं परत कोण आणतो? मला तर भयंकर राग आला.

त्यांची मुलगी यशोधरा सोबत होती. ती सिमरोलकडच्या एका कॉलेजात इंजिनियरिंग शिकवते. "बंटी भिया, तुमच्याकडे रोज ट्रकचेच स्टीलवाले येतात ना, म्हणून कानात तीच आवाज बसली आहे. हा कास्ट आयर्नचा आहे, हा असाच बोलतो."

"हो सकता है, मैडम. पर बच्चों की गाड़ी है, अंदाज से नहीं बिठाऊँगा."

"बरोबर आहे. मग रंग लावून बघू."

मला धुऊन लाल रंग फासला, पुसला, वर पांढरा थर मारला. चीर असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तिघंही वाकून बघत राहिले. खरं सांगतो, तेव्हा मलाही धास्ती वाटली. पण पांढरं पांढरंच राहिलं. मोहनरावांनी मला हात लावून नमस्कार केला.

मग बंटीनं मला आणि ट्रकच्या त्या शाफ्टलाही मापलं. मी थोडासाच झिजलो होतो. घासून, नवी बेअरिंग घालून मला बसवायचं ठरलं. पोलादी भाऊ मात्र खोल ओरखड्यांनी भरला होता, कारण त्याच्या मालकानं तेल कमी झाल्याचा लाल दिवा लागला तरी ट्रक हाकला होता. टण्ण वाजणारा तो भंगारात गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

म्हणून मित्रांनो, पोलाद टिकाऊ की बीड, हे विचारण्याआधी तेल कोण बघतं ते विचारा.

सोमवारी मुलं व्हॅनमध्ये चढली. मोहनरावांनी तेलाची कांडी काढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून बघितली. मुलं "काका, लेट होतंय" म्हणून ओरडत होती. त्यांनी सावकाश बॉनेट लावलं, मगच चावी फिरवली, आणि मी फिरलो.