झाइडलरांचा तिसरा अंक

पॅटने ते पत्र सुलभाच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, हे कुठल्या भाषेत आहे तेवढं बघ, नाहीतर फेकून देते. पॅट नर्सिंग होमची सुपरवायझर. कागद साठू न देणं हा तिच्या स्वच्छतेचाच एक भाग होता. सुलभाने एका हातात जेवणाचा ट्रे सांभाळत दुसऱ्या हाताने पत्र उलगडलं. पत्र जर्मनमध्ये होतं आणि ते चौदा नंबरच्या खोलीतल्या एमिल झाइडलरांना आलेलं होतं.

तेलाचे भाव कोसळले, विवेकची ह्यूस्टनमधली इंजिनिअरची नोकरी गेली, आणि सुलभाने घराजवळ, शुगर लँड या उपनगरातच हे काम धरलं. पुण्याला पाठवायच्या पत्रात ती 'नर्सेस एड' असं लिहायची. मराठीत त्याला आया म्हणतात, हे पुण्यातल्यांना कळत नव्हतं असं नाही, पण कुणी बोलून दाखवत नव्हतं. लग्नाआधी ती सहा वर्षं जर्मन शिकली होती. त्या जर्मनचा संसाराला उपयोग काय, असं सासूबाई अधूनमधून विचारायच्या आणि अकरा वर्षांत तिला त्याचं उत्तर सुचलं नव्हतं.

ते झाइडलरांनी दिलं. त्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यात इंग्रजी पार पुसलं गेलं आणि जर्मन तेवढं राहिलं. म्हातारा दिवसभर बरळतो, असं सगळ्यांचं मत होतं. कामावर लागल्या लागल्या दुसऱ्याच दिवशी सुलभाला कळलं की ते बरळत नाहीत, सूप गार आहे म्हणतायत. तिने जर्मनमध्ये 'गरम करून आणते' म्हटल्यावर ते लहान मुलासारखे रडले.

फाइलमध्ये त्यांच्या नावापुढे 'निवृत्त, फर्निचर विक्रेता' असं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी ह्यूस्टनमध्ये सोफे विकले. त्याआधी हॉलीवूडमध्ये युद्धपटांतून जर्मन अधिकाऱ्यांची एकेका वाक्याची कामं केली. ज्या नाझींच्या भीतीने देश सोडला त्यांचाच गणवेश घालून पोट भरलं. आणि त्याच्याही आधी, व्हिएन्नात, चार नाटकं लिहिली, दोन कादंबऱ्या लिहिल्या, आणि आपल्या नाटकांत स्वतः उभे राहिले. पुस्तकं पुढे जाळली गेली, बघणारे मेले किंवा पांगले. बायको गेली, मूलबाळ नव्हतं. हे सगळं त्यांनी सुलभाला तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं आणि खरं सांगायचं तर तिने त्यातलं निम्मंच खरं मानलं होतं. म्हातारी माणसं वाढवून सांगतात, हा तिचा रोजचा अनुभव होता.

पत्रामुळे ती खजील झाली. ऑस्ट्रियातल्याच ग्राझ शहरातल्या एका छोट्या नाट्यगृहाने लिहिलं होतं, की व्हिएन्नातल्या एका तळघरात आपल्या 'अलीकडचा काठ' या नाटकाचे दोन अंक सापडले आहेत. मार्च १९३८ मध्ये त्याचा पहिला प्रयोग व्हायचा होता आणि त्याच आठवड्यात जर्मन फौजा शहरात शिरल्या, हे आम्हाला ठाऊक आहे. येत्या वर्षी पन्नास वर्षं होतील, तेव्हा ते रंगभूमीवर आणायची इच्छा आहे. तिसरा अंक आपल्यापाशी असल्यास डिसेंबरअखेर पाठवावा. न मिळाल्यास आम्हाला नाइलाजाने दुसरं नाटक निवडावं लागेल.

सुलभाने ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या अंकाची वही सरहद्दीवर ट्रंकेबरोबर गेली, असं ते म्हणाले. मग डाव्या हाताची दोन बोटं कपाळावर टेकवून म्हणाले, "कागद गेला, बाई. मी आहे ना अजून. नावाड्याचं काम मीच करणार होतो. अख्खं नाटक पाठ आहे."

सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नव्हतं. पण त्यांनी डोळे मिटून पहिल्या अंकाची सुरुवात म्हटली. आवाज खुर्चीतल्या माणसाचा राहिलाच नव्हता.

घरी तिने विवेककडे टेपरेकॉर्डर मागितला. तो सध्या अर्ज टाइप करून वैतागलेला असायचा.

"ड्यूटी संपल्यावर दोन-दोन तास बसणार तिथे? यू आर नॉट इव्हन गेटिंग पेड फॉर धिस, सुलभा."

"रेकॉर्डर देतोस की नाही, तेवढं सांग."

त्याने दिला. वर स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं हेडही पुसून दिलं.

नटाशेजारी बसून ऐकणं नवीन नव्हतं तिला. तिचे वडील त्र्यंबकराव दिवसा नगरपालिकेत कारकून आणि एरवी एका नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर, अडलेल्या नटाला हळूच शब्द पुरवणारे. लहानपणी विंगेत त्यांच्या शेजारी पाटावर बसून तिने शंभरेक प्रयोग बघितले, तेही सगळे बाजूने. प्रॉम्प्टरचे दोन नियम त्यांनी तिला शिकवले होते. एक म्हणजे, नट थांबला म्हणजे विसरला असं समजायचं नाही. विसरलेल्याची नजर भिरभिरते, थांबलेल्याचा श्वास धरलेला असतो, तो बघायचा. आणि दुसरा, नट खरोखरच अडला तर प्रयोगानंतर सगळ्यांदेखत म्हणायचं, माफ करा, माझंच चुकलं. ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असायचं आणि तरी ते दर वेळी म्हटलं जायचं. नटाची अब्रू राखायची ती रीत होती.

तीन आठवडे तिसरा अंक तुकड्यातुकड्याने येत होता. आज मधलं, उद्या सुरुवातीचं, मग चार दिवस काहीच नाही. सुलभा ते वहीत उतरवून घ्यायची. गोष्ट साधी होती. डॅन्यूबच्या काठावर एक नावाडी आहे, पलीकडच्या काठावर सैनिक आलेले आहेत आणि मुलगी तिकडेच राहिली आहे. शेवटी तिची हाक येते. 'पलीकडून हाक आली. मी वल्हं उचललं आणि ऐकत राहिलो. आवाज तिचाच होता.' वही इथे संपत होती. नावाडी नाव सोडतो की अलीकडेच बसून राहतो, ते फक्त झाइडलरांना ठाऊक होतं. तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, असं मध्येच सांगता येत नाही, तिथपर्यंत चालत जावं लागतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी ती खोलीत गेली तर ते दाढी करून घेऊन, कोट चढवून खुर्चीत ताठ बसले होते. आज करू, म्हणाले. तिने टेप सुरू केली.

त्यांनी अंक पहिल्या वाक्यापासून धरला. नावाडी, शेजारीण, जकातदार, सगळे आवाज निरनिराळे. लुळा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हातात नसलेलं वल्हं होतं. वीस मिनिटं ते कुठेही अडले नाहीत. सुलभाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिला ती पुसायचंही भान नव्हतं. मग ते त्या जागेवर आले.

"पलीकडून हाक आली," ते म्हणाले. "मी वल्हं उचललं आणि ऐकत राहिलो."

आणि थांबले.

सुलभाने वाट बघितली. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी व्हीलचेअर गेली. ते बोलत नव्हते. मान किंचित कलती, नजर खिडकीपलीकडे. अजून बोलत नव्हते. चौदा महिने तिने दिवसभर हेच केलं होतं. म्हाताऱ्यांच्या तोंडून निसटलेला शब्द उचलून त्यांच्या हातात द्यायचा, पाणी, चष्मा, मुलाचं नाव. ते केल्याशिवाय तिला राहवेचना.

"आवाज..." तिने हळूच म्हटलं.

झाइडलरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नजर आत्ता कुठे भिरभिरायला लागली. डावा हात खाली आला.

"विसरलो का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही. तुम्ही थांबला होतात. मीच घाई केली. चूक माझी झाली, झाइडलरसाहेब. पुढे म्हणा."

ते हसले. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "चांगला प्रॉम्प्टर असंच म्हणतो," ते म्हणाले. "आमच्याकडेही एक होती. माझ्यासाठी कधी तोंड उघडावं लागलं नाही तिला. आयुष्यात एकदाही नाही." थोड्या वेळाने त्यांनी कोट काढून द्यायला सांगितलं.

त्यानंतर त्यांनी तिसरा अंक म्हटला नाही. सुलभाने विनवण्या केल्या, वही वाचून दाखवली, मुद्दाम चुकीचं वाचून दाखवलं. ते नम्रपणे ऐकायचे आणि म्हणायचे, छान लिहिलंय कुणीतरी. नाताळ गेला. डिसेंबर संपला. जानेवारीत ते सूप गार आहे असंही म्हणेनासे झाले, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेले. पॅटने त्याच दिवशी खोली रिकामी केली.

महिनाभर टेप लावायचा सुलभाला धीर झाला नाही. लावली तेव्हा विवेक शेजारी होता. ती जागा आली. तिला ती शांतता कितीतरी मिनिटांची वाटली होती. घड्याळ लावून बघितलं तर सहा सेकंद. आणि सहाव्या सेकंदाला झाइडलरांनी श्वास घेतल्याचा आवाज स्पष्ट येत होता, बोलण्याआधी माणूस घेतो तसा. त्याच्यावरच तिचा आवाज पडला होता.

विवेकने टेप बंद केली. "दुसऱ्या कॅसेटवर कॉपी करून तुझा आवाज काढून टाकतो," तो म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही, अगं."

"नको."

"काय फरक पडतो आता? डेडलाइन कधीच गेली."

"माझा आवाज काढला तर ते विसरले असं होईल," सुलभा म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "मी त्यांना पेशंट समजले रे. नट बसला होता समोर आणि मी पेशंट समजले."

टेप तिने होती तशीच ग्राझला पाठवली. सोबत जर्मनमध्ये लिहिलं, की लेखक शेवटपर्यंत काहीही विसरलेले नव्हते. त्यांनी घेतलेल्या विरामात मी चुकून शब्द दिला, त्यामुळे पुढचा भाग गेला. हा दोष सर्वस्वी माझा आहे, आणि कृपया तशी नोंद करावी. सर्वस्वी या शब्दाखाली तिने रेघ ओढली.

उत्तर मे महिन्यात आलं, सुलभाच्या नावाने, नर्सिंग होमच्या पत्त्यावर. दुसरं नाटक केव्हाच लागलं होतं. ध्वनिफीत संग्रहालयात ठेवली आहे, असं कळवून त्यांनी नोंदीची प्रत जोडली होती. 'अलीकडचा काठ, तिसरा अंक, अपूर्ण. वार्धक्यामुळे लेखकाला पुढील भाग आठवू शकला नाही.' खाली कुणीतरी शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या, की आपण दोष स्वतःकडे घेतलात, रंगभूमीची ही जुनी सभ्यता आता फार दुर्मीळ झाली आहे, आपले आभार.

सुलभाने ते पत्र घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. चौदा नंबरची बेल वाजत होती. तिथे आता मिसेस डॉब्स होत्या, स्वच्छ, हसऱ्या आणि बऱ्याचशा हरवलेल्या.

"मला जरा ते..." मिसेस डॉब्स म्हणाल्या आणि थांबल्या. हात हवेत राहिला.

पाण्याचा ग्लास सुलभाच्या समोर, टेबलावर होता. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि त्यांच्या श्वासाकडे बघत राहिली. मिसेस डॉब्स तिच्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ एकदोनदा हलले, हसू हळूहळू मावळलं, आणि डोळे घाबरे झाले. सुलभा काही बोलली नाही. शब्द काही आला नाही.