मेंढरं बिलकुल न्हाई

अंगावर शाल पडली आणि मच्छिंद्रच्या पाठीवरून घामाची धार निघाली. वैशाखाचं ऊन, मारुतीच्या पारावर तापलेले पत्रे, आणि त्यात ही लोकरीची शाल! खाली बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या मराठा पोरांचा पुढारी काकासाहेब माईक तोंडात घातल्यासारखा ओरडत होता, "समाजासाठी आवाज उठवनारे आपले मच्छिंद्रनाना!"

मच्छिंद्रने आयुष्यात आवाज उठवला होता तो फक्त बैलांवर. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो माईकपाशी गेला आणि म्हणाला, "पानी पायजे." त्याला खरोखरच तहान लागली होती. लोकांना वाटलं, नानांनी आता पाण्याचाही प्रश्न हाती घेतला. परत टाळ्या.

ही सगळी करणी त्याच्या अंगठ्याची. तीर्थपुरीच्या अलीकडचं हे गाव. तिथे दर उन्हाळ्यात मल्हारीची मेंढरं रात्री मच्छिंद्रच्या वावरात बसायची. लेंड्यांचं खत वावराला मिळायचं आणि मल्हारीच्या घरी ज्वारीचं पोतं जायचं. मल्हारी धनगर, मच्छिंद्र मराठा. पण मल्हारीच्या बायकोला, आसराबाईला, सख्खा भाऊ नव्हता. ती दर भाऊबीजेला मच्छिंद्रला ओवाळायची. म्हणून मल्हारी त्याचा दाजी आणि त्यांची रेणुका त्याची भाची. ह्यात कुणाला कधी नवल वाटलं नव्हतं.

यंदा मच्छिंद्रने वावरात मोसंबीची रोपं लावली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. मेंढरं आत शिरली तर पालवीचा चट्टामट्टा! म्हणून त्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप बोलून टाकला. लिहिता येत होतं, पण चष्मा शोधायचा कंटाळा. बटण दाबून तो म्हणाला, "आवंदा मल्हारीची मेंढरं माह्या वावरात बसवायची न्हाईत. बिलकुल न्हाई." तेवढ्यात शेळीने पिठाच्या परातीत तोंड घातलं. तिला हाकलता हाकलता अंगठा सुटला आणि निरोप गेला. न बसवायचं कारण त्याने मग दुसऱ्या निरोपात सांगितलं. मोसंबी लावली, नळ्या हाथरल्या वगैरे.

पहिला निरोप पार भोकरदनपर्यंत पोचला. दुसरा कुणी पुढे पाठवलाच नाही. मोसंबीत कुणाला रस?

आरक्षणावरून जिल्हा आधीच तापलेला होता. आपल्या ताटातलं दुसरा ओढून नेईल, ही धास्ती दोन्हीकडे. त्यात हा निरोप म्हणजे वाळल्या कडब्यात काडी. गावाच्या एका ग्रुपचे दोन ग्रुप झाले. चहाच्या हॉटेलात बाकं वाटली गेली. हॉटेलवाला संपत तेवढा म्हणायचा, "साखर एकाच डब्यातली हाय रे बाबांनो, बसा कुठंबी."

शाल काखोटीला मारून मच्छिंद्र घरी आला, तर चतुराबाई दारातच उभी.

"आली का वरात?"

"मी काय केलं? त्यायनीच टाकली अंगावर."

"आठ दिसांवर रेणुकाचं लगीन. मामा म्हून पोरीच्या मागं कोन उभं राहनार?"

"दाजीनं बोलावलंच न्हाई. भोकरदनहून कोनी लांबचा मामा आनून राह्यलेत म्हनं."

"पोरीचं जावळ कोनाच्या मांडीवर काढलं? तुमच्याच ना? धोतर भिजवलं तवा इचारलं का तिला, कोन्या जातीची म्हून?"

मच्छिंद्रने शाल खुंटीला अडकवली. रात्री जेवण गोड लागेना. भाचीच्या लग्नात आपल्या जागी दुसराच कुणी उभा, हे डोळ्यांपुढून हलेना.

लग्नाच्या सकाळी काकासाहेब मोटारसायकलवर हजर. "नाना, तिकडं जायचं न्हाई बरं का. समाजात चुकीचा मेसेज जाईन."

"मेसेज तर कवाच गेला, बाबा," मच्छिंद्र म्हणाला आणि धुतलेली टोपी डोक्यावर चढवली. चतुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कधीची तयार होती.

मल्हारीच्या वावरातच मांडव होता. तोंडाशी मल्हारीचा भाऊ धर्मराज आडवा उभा राहिला. "काहून आले? मेंढरं चालत न्हाईत, मंग मेंढरावाल्याचं जेवन कसं चालतं?"

हे झोंबलं. पण लग्नघरी वाद नको म्हणून मच्छिंद्र मान खाली घालून उभा राहिला. गलका ऐकून मल्हारी बाहेर आला. हळदीचे हात, डोक्याला गुलाबी फेटा, आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

"दाजी, मोसंबी लावली म्हून म्हनलो हुतो," मच्छिंद्रने सुरुवात केली. "अंगठा सुटला. दुसरा निरोप तुमी ऐकलाच नसंल..."

"ऐकला. त्याच दिशी ऐकला."

"मंग?"

"मंग काय! माह्या दारातून तुहं वावर दिसतं. हाक मारली तरी ऐकू येती. मला सांगायला तुला अख्ख्या गावाचा ग्रुप लागला?"

मच्छिंद्रने टोपी काढून हातात घेतली. इतके दिवस त्याने अंगठ्याला, शेळीला आणि काकासाहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आता तिघंही सुटले.

"तोंडावर न्हाई म्हनायची हिंमत झाली न्हाई, दाजी," तो म्हणाला. "इतक्या सालांचा रिवाज. तुमी समोर उभे राह्यले असते, तर जीभच उचलली नसती. फोनात बोलनं सोपं वाटलं."

मल्हारीने त्याच्या वावराकडे नजर टाकली. मग म्हणाला, "रोपं केवढाली हायेत?"

"गुडघ्याएवढी."

"गुडघ्याएवढी मोसंबी अन् त्यात मेंढरं! तू हात जोडले असते तरी म्याच आनली नसती रे, येड्या!" असं म्हणून त्याने मच्छिंद्रच्या दंडाला धरलं. पांढऱ्या सदऱ्यावर पाचही बोटं पिवळीधमक उमटली.

आतून गुरुजींची हाक आली, "मुलीचे मामा! जल्दी या, मुहूर्त चाललाय!"

भोकरदनचा मामा उठून फेटा सावरत निघाला होता. आसराबाईने त्याला वाटेतच गाठलं. "भाऊ, तुमी आता पंगतीला बसा. मामा आलाय आमचा." डोळे पुसत ती हसत होती.

"बरं झालं, माय," तो म्हणाला. "मला तर पोरीचं नावबी धड ठावं न्हाई."

मराठा मामा बघून चार-पाच पाहुणे चपला शोधत उठून गेले. धर्मराजही तोंड फिरवून उभा राहिला. मल्हारीने कुणालाच अडवलं नाही.

अंतरपाट धरला गेला. मच्छिंद्र रेणुकाच्या मागे उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदा सगळा मांडव दिसला. मल्हारीने खुर्च्या पूर्ण गावाच्या हिशोबाने मांडल्या होत्या. डावीकडे माणसं दाटीवाटीने बसलेली. उजवीकडच्या साऱ्या रांगा रिकाम्या. काकासाहेबाचं घर, त्याची आई, मारुतीच्या पारावरचे सगळे टाळ्यावाले, कुणीसुद्धा नाही. ज्यांच्या मांडवात मल्हारीने पंगती वाढल्या होत्या, तेही नाहीत. तिथे पहिल्या रांगेत एकटी चतुराबाई बसली होती.

गुरुजींनी मंगलाष्टक म्हटलं. "सावधान" ऐकताच चतुराबाईने मूठभर अक्षता टाकल्या. मग उठली आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

दुसरं मंगलाष्टक झालं. तिने तिथून अक्षता टाकल्या आणि परत पुढच्या खुर्चीवर सरकली.

मुंडावळ्यांतून रेणुकाने मान जराशी वळवली. "मामा, मामी काय करून राह्यली?"

"तू म्होरं बघ, बाई," मच्छिंद्र म्हणाला. "गावाच्या वाटच्या अक्षता टाकून राह्यली."

पुन्हा "सावधान" झालं. चतुराबाई उठली, पदर सावरला, आणि काकासाहेबाची आई आली असती तर जिथे बसली असती, त्या खुर्चीवर नीट मांडी घालून बसली.