नकाशातली खोली

सकाळी नऊ चाळीसला तिकडून मेल आला. यंदा बाराऐवजी सहाच विद्यार्थी येतील, म्हणून तुमच्याकडूनही सहाच पाठवावेत. सहा नावं आणि त्या सहा घरांचे पुन्हा तपासलेले नकाशे आज दुपारी दोनपर्यंत मिळावेत. कारण एका ओळीत होतं: जपानातल्या त्या भगिनी शहराची एक शाळा बंद झाली, शिकायला मुलंच उरली नाहीत.

नगरपालिकेच्या भगिनी शहर कक्षात टेबल एकच. त्यावर अकरा वर्षं बसलेल्या बाईंना सगळे जपानबाई म्हणत. जपान त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मेल दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. बारा मुलांचे पासपोर्ट होऊन बसले होते, बारा घरांचे नकाशेही मागेच तिकडे गेले होते.

"काय म्हणतंय जपान?" शिपायानं चहा ठेवत विचारलं.

"निम्मं म्हणतंय."

"मग रडारड निम्मी की दुप्पट?"

बाईंनी चहा बाजूला सरकवला. यादी उघडली.

जे मूल तिकडे जाईल, त्याच्याच घरी तिकडचा पाहुणा राहील, असा करार होता. म्हणून प्रत्येक घराचा हातानं काढलेला नकाशा पाठवावा लागे. पाहुणा कुठे झोपेल, न्हाणीघर किती पावलांवर, दार आत उघडतं की बाहेर. बाई स्वतः टेप घेऊन घरोघर जात. एका वर्षी एक दार उलटं काढलं गेलं, तर मुलगी परत गेल्यावर आभाराच्या पत्राबरोबर दुरुस्त केलेला नकाशा आला होता. तिकडे नकाशा म्हणजे दिलेला शब्द असतो, हे बाईंना तेव्हा कळलं.

पहिल्या पाच नावांबद्दल वाद नव्हता. सहाव्या जागेला दोघींचे गुण सारखे होते: एक शिंप्याची मुलगी, दुसरी बाईंची सख्खी भाची. गुण सारखे असतील तर ज्या घरी पाहुण्याला स्वतंत्र खोली, ते घर आधी. हा नियमही बाईंचाच. शिंप्याकडे पाहुणी आजीच्या खोलीत झोपणार होती. भाचीच्या घरी स्वतंत्र खोली होती. म्हणजे नकाशात होती.

अकरा वर्षांत न मोजता काढलेला तो एकच नकाशा. धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, गप्पा मारता मारता काढलेला. हॉलमध्ये मधोमध भिंत घालायची ठरली होती, विटा दारात येऊन पडल्या होत्या. मेहुणा म्हणाला होता, महिन्याभरात उभी करतो. बाईंनी नकाशात भिंत आधीच दाखवून टाकली. आता त्या भिंतीचं काय झालं, हे त्यांनी मुद्दामच विचारलं नव्हतं.

अकराला त्या धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या. विटा नव्हत्या. मागच्या बाजूला कपडे धुवायचा छान नवा ओटा मात्र झाला होता. हॉल अखंड होता. एका कोपऱ्यात पलंग आणि त्याला आडोसा म्हणून आडवं लावलेलं कपाट.

"टेप कशाला काढतेस ताई?" धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. "घर तुझं पाठ आहे."

"पाठ होतं, तिथंच घोळ झाला."

बाईंनी मेलचं सांगितलं. धाकटीनं घडी अर्धवट सोडली.

"आमचे हे भिंतीचं आजच बघतील. प्लायवूडचं पार्टिशन काय, संध्याकाळपर्यंत उभं राहतं."

"ओटाही असाच बघितला का त्यांनी?"

"टोमणे मारू नकोस. पाहुणी यायला दोन महिने आहेत. तोवर भिंत झाली तर तुझा नकाशा खोटा कसा?"

"आणि नाही झाली तर?"

"गावभर सगळ्यांच्या पोरी तू जपानला पाठवल्यास. आपल्या पोरीची वेळ आली की तुला टेप आठवते."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी हॉलची लांबी मोजली, मग पलंगापासून न्हाणीघरापर्यंत पावलं टाकली. अकरा. कपाटाच्या दारावर भाचीनं जपानी आकडे लिहून चिकटवले होते, ते न वाचता त्या पुढे गेल्या.

सकाळची शाळा सुटून भाची आली, तेव्हा बाई चपला घालत होत्या.

"मावशी, सहाच जणं का गं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"शिंपीकाकांच्या मुलीनं. काका तिला घ्यायला आले, त्यांना तुमच्या शिपायानं सांगितलं होतं. माझ्याच बाकावर बसते ती." दप्तर न काढता ती म्हणाली, "ती म्हणाली, तुझी काय मावशीच आहे."

धाकटी आतून म्हणाली, "ऐकलंस? नावं ठेवायची ती लोकांनी ठेवलीच आहेत."

बाई ऑफिसात परतल्या तेव्हा एक वाजत आला होता. त्यांनी कोरा कागद घेतला आणि धाकटीच्या घराचा नकाशा नव्यानं काढला. अखंड हॉल, पलंग, आडवं कपाट. रेघा सरळ आल्या. मग मेल लिहिला. सहावं नाव शिंप्याच्या मुलीचं; आजीबरोबर का होईना, तिथं खोली होती. खाली आणखी चार ओळी: एका घराचा आधी पाठवलेला नकाशा न मोजता काढला होता, चूक माझी. दुरुस्त नकाशा जोडला आहे. तिथली मुलगी यादीत सातवी आहे. एखादी जागा वाढवता आली तर पाहावं.

शेवटची ओळ त्यांनी दोनदा खोडली आणि दोनदा लिहिली. एक पन्नासला मेल गेला.

"झालं एकदाचं?" शिपायानं विचारलं.

"माझ्याकडून झालं."

दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. सहा नावं मिळाली, आभार. सातव्या घराबद्दल एकच प्रश्न होता: आडोशाच्या कपाटाची उंची किती?

हॉलची लांबी, पावलं, दार, सगळं वहीत होतं. उंची नव्हती. बाईंनी धाकटीला फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फोन बंद लागला. मग मेहुण्याला लावला; त्यानं उचलला, पण तो कामावर होता. म्हणाला, "असेल की माणसाएवढं." माणूस केवढा, ते त्याला सांगता येईना.

तिकडचं ऑफिस आपल्या पावणेतीनला, म्हणजे तिथल्या सव्वासहाला, बंद झालं. शुक्रवार होता. कपाटाची उंची कळवायची राहिली आहे.