दोन ग्रॅम कमी

"पुन्हा ठेवून बघा," इंजिनिअर म्हणाला.

ताईंनी पट्टी उचलली, काटा शून्यावर येऊ दिला आणि ती परत अलगद ठेवली. तळहाताएवढी, मळकट पिवळसर, उलट्या वाटीसारखा बाक असलेली पट्टी. उद्या सकाळी ती एका माणसाच्या कवटीत बसायची होती. संगणकाने काढलेलं वजन बेचाळीस ग्रॅम होतं. काटा तिसऱ्यांदाही चाळीसच दाखवत होता.

"दोन ग्रॅमनं काय होतंय? चालतं हो एवढं."

"नाही चालत." ताईंनी भिंग पुढे केलं. "ही कड बघा. सुया टोचल्यासारखं दिसतंय ना? मालाला ओल लागलीय. मशीनमध्ये धागा वितळतो तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होते, तिचे हे बुडबुडे. वरून एवढे दिसतायत, तर पोटात किती असतील?"

ताई या रुग्णालयात एकतीस वर्षं होत्या. पहिली वीस वर्षं त्यांनी प्लॅस्टरमध्ये हात घालून जबड्यांचे आणि कानांचे साचे काढले. तेव्हापासून सगळे त्यांना साचेताई म्हणत. मग तळघरातल्या या खोलीत कपाटाएवढं मशीन आलं. शरीर ज्याला परकं मानत नाही अशा प्लॅस्टिकचा धागा वितळवून ते थरावर थर चढवायचं आणि माणसाच्या हाडाचा हरवलेला तुकडा घडवायचं. पन्नाशीला टेकलेल्या ताई पोरासोरांच्या रांगेत बसून ते शिकल्या. शिकताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती: धागा कायम विजेवर गरम राहणाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवायचा. ते कपाट कधी बंद करायचं नाही.

कपाट कुणी बंद केलं, हे भिंग खाली ठेवता ठेवताच त्यांच्या लक्षात आलं.

शनिवारी दुपारी शेजारणीचा फोन आला होता. आई न्हाणीघरात पडली होती. ताई पर्स घेऊन धावल्या आणि जाता जाता त्यांचा हात दाराजवळच्या मेन स्विचवर गेला. आईला काही आठवत नाही म्हणून घरातून निघताना त्या सगळं बंद करून निघत. हाताला तीच सवय. रविवार आईच्या प्लॅस्टरमध्ये गेला. सोमवारी सकाळी, दोन रात्रींच्या जागरणानंतर, त्यांनीच तो स्विच लावला. दिवे लागले, मशीन घुमू लागलं आणि त्यांनी धागा चढवला.

"शनिवारी मेन माझ्या हातून बंद झाला," त्या म्हणाल्या. "दीड दिवस कपाट थंड होतं."

इंजिनिअरने दाराकडे बघितलं. "कुणाला बोललात?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"मग लाइट गेली होती असं लिहा ना."

"लाइट गेली नव्हती."

"ताई, दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला उगाच..."

"म्हणूनच. तेवढी तरी नीट जाऊ देत."

मेंदूच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. त्या माणसाला आता तुम्हीच सांगा." रागाने म्हणाले असावेत. ताई खरंच चार मजले चढून वर गेल्या.

तो माणूस फरशीवाला होता. आठ महिन्यांपूर्वी परांचीवरून पडला. मेंदूला सूज आली म्हणून डाव्या बाजूचं हाड काढावं लागलं, आणि आता त्याचं डोकं एका बाजूने हवा गेलेल्या चेंडूसारखं दबलेलं होतं. बायको पलंगाच्या कडेला बसून त्याचे कपडे पिशवीत भरत होती.

"उद्या नाही म्हणजे?" ती उठलीच. "मी हातापाया पडून रजा काढलीय. पोरगी बहिणीकडे टाकून आलेय. आठ महिने याला काचेच्या भांड्यासारखं सांभाळतेय, आणि तुम्ही म्हणता चूक झाली? कुणाची चूक?"

"माझी."

बाई भांडायला उभी राहिली होती. ती खाली बसली.

"आतून पोकळ राहिलीय का ती?" फरशीवाल्याने विचारलं.

"हो. बारीक बारीक."

"मग नकोच. फरशीखाली पोकळी राहिली ना, तर महिना दोन महिने कळतसुद्धा नाही. मग एक दिवस कुणीतरी नेमका तिथंच पाय देतं. बसवलेल्या फरश्या मी स्वतः उखडल्यात, मालक नको नको म्हणत असताना."

"तुझी फरशी आणि तुझं डोकं एकच आहे का रे?" बायको म्हणाली.

"तूच दगड म्हणतेस."

ती हसली नाही. ताईसुद्धा हसल्या नाहीत.

नवा धागा पूर्ण दिवस वाळवून ताईंनी दुसरी पट्टी केली. बेचाळीस ग्रॅम भरली. कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं, तेव्हा घडलं ते चार ओळींत लिहून दिलं.

बाराव्या दिवशी फरशीवाल्याला घरी जेवताना आकडीचा झटका आला. औषधांनी तो आटोक्यात आला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. शस्त्रक्रिया ठरल्या तारखेला झाली. पट्टी अशी बसली की कुठे कानस फिरवावी लागली नाही. बोटं मात्र तशीच राहिली.

ताईंनी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "आधीच्याच तारखेला झालं असतं तर?"

"झटका तरीही आला असता कदाचित. कदाचित नसता आला. याचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई."

त्यानंतरही ताई कामावर वेळेत येत होत्या. घरी आईला भरवताना मध्येच चमचा हातात राहायचा. आई म्हणायची, "अगं, मी तोंड उघडून बसलेय."

दोन महिन्यांनी तपासणीला आलेला फरशीवाला बायकोला घेऊन थेट तळघरात उतरला. त्याला मशीन बघायचं होतं. आत कुणाचा तरी जबडा तयार होत होता. तो काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला.

"सरळ ओळ धरतंय," तो म्हणाला. "मी आता नव्या लोकांना शिकवतो. उभा राहून नुसतं सांगायचं. तोंड चालतंय ना."

"तोंड आधीपण चालायचंच," बायको म्हणाली.

ताईंनी कितीतरी दिवस एक वाक्य तयार ठेवलं होतं. "तेव्हा माझ्यामुळे..."

"राहू द्या ते," तो म्हणाला. "तसं नाही" असं काही तो म्हणाला नाही.

बायको फाइल छातीशी धरून जरा मागे रेंगाळली. "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले..."

"बरोबर बोललात तुम्ही."

"हो," ती म्हणाली. "बरोबरच बोलले."

तळघराच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला होता, चढताना उजव्या हाताला येणारा. फरशीवाला पहिल्या पायरीशी थांबला. मग आडवा वळला, डाव्या हाताने कठडा धरला आणि एकेक पायरी तिरपा चढू लागला. बायको एक पायरी खाली राहून त्याच्या मागे निघाली. तिने त्याला धरलं नाही. तो थांबला की तीही थांबायची.

वळणावर त्यांची पावलं दिसेनाशी होईपर्यंत ताई दार धरून उभ्या होत्या.